आंब्याखालचा बाण

३१ ऑगस्ट

नाना,

पत्राच्या सुरुवातीला पाया पडते असं लिहायचं असतं. ते आईला सांगा. तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे, आणि रागात पाया पडले तर ते खोटं होईल.

मी सुखरूप आहे. लोणावळ्यात आहे, कुठं ते लिहिणार नाही. पाकीट उलटंपालटं करून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधू नका, मी तो टाकलेलाच नाही. फोनचं कार्डही बदललंय. कॉलेजात शोधायला आलात तर पुढचं पत्र येणार नाही. फोनवर तुम्ही ओरडता, मागे आई रडते आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. कागदावर मध्येच कुणाला ओरडता येत नाही.

झालं ते एकदा सरळ लिहिते, कारण वाडीत तुम्ही वेगळंच सांगत असाल. डिप्लोमाला आतापर्यंतचे सगळे विषय निघाले, एक राहिला. सी प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल. त्यात मी दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा आलेला निकालाचा कागद तुम्ही चार घड्या घालून डब्याखाली सारलात आणि म्हणालात, "चैते, दोनदा पडलीस तेवढं लय झालं. पवनेकडचं स्थळ चांगलं हाय." मी म्हटलं, अजून एकदा बसू द्या. तुम्ही बराच वेळ तंबाखू मळलीत आणि मग शब्द दिलात. डिसेंबरात पास झाले तर डिप्लोमा पुरा होईपर्यंत लग्नाचा विषय नाही. नापास झाले तर माघात सुपारी फुटणार. मी ते कबूल केलं.

चौथ्या दिवशी आईच्या तोंडून निसटलं की स्थळाला तुम्ही आठ दिवस आधीच हो कळवून बसला होतात. म्हणजे मला शब्द दिलात तेव्हा तो मोडूनच ठेवलेला होता. म्हणून मी निघाले. कुणा पोराबरोबर नाही. शेजारच्या दत्तोबा आबांना तसं वाटत असेल तर त्यांना सांगा, माझ्याबरोबर दोन पुस्तकं आणि एक गोधडी आहे.

शब्द तुम्ही मोडलात, मी मोडणार नाही. परीक्षेला बसणार.

हे पत्र आईला वाचून दाखवा. गाळू नका. वाचताना ती तुमच्या तोंडाकडेच बघत असते, तिला लगेच कळतं.

चैताली


२१ सप्टेंबर

नाना,

मला काम मिळालंय. झेरॉक्सच्या दुकानात. मालकीण सारिकाताई कुरवंड्याची आहे. नवरा वारल्यावर तिनं एका जुन्या मशीनवर दुकान उभं केलं. कॉलेज सुटल्यावर मी तिथं असते, आणि वरच्या खोलीत राहते. जेवणाचं बरं चाललंय. आईला म्हणावं काळजी करू नकोस. वडापाव मात्र आता डोळ्यासमोर नको वाटतो.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, "एवढं असतं तरी काय त्यात, दोनदा पडायला?" टोमणा होता, पण प्रश्न बरोबर होता. सांगते.

संगणकात प्रत्येक वस्तू कुठंतरी ठेवलेली असते आणि त्या जागेला आकडा असतो. पॉइंटर म्हणजे ती वस्तू नाही. वस्तू कुठं ठेवलीय ते लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी वाचायची, त्या जागी जायचं, वस्तू मिळते. लिहिताना त्याला एक तारा काढतात. इथवर मला कळतं. मी काही ढ नाही, दहावीला गणितात वाडीत पहिली होते, तुम्हीच पेढे वाटले होते.

पुढे येतात दोन तारे. चिठ्ठी कुठं ठेवलीय ते लिहिलेली दुसरी चिठ्ठी. आणि इथं माझं डोकं बंद पडतं. एका चिठ्ठीनं भागत असताना दुसरी कशाला? कॉलेजात सरांना विचारलं, तर म्हणाले, "पाठ कर, 'कशाला'च्या मागे लागू नकोस." दोनदा पाठ केलं नाना, आणि दोन्ही वेळेला परीक्षकांनी "का?" एवढंच विचारलं. दोन्ही वेळेला मी खाली बघत उभी राहिले.

एक यादी असते, तिच्या डोक्यावर नवं नाव घालायचं, आणि ते काम करणारं फंक्शन लिहायचं. फंक्शन म्हणजे कामाला पाठवलेला गडी म्हणा. मी लिहिते, चालवते, गडी जातो, काम करतो, परत येतो, आणि यादी बघावी तर होती तशीच रिकामी. गड्याने काम केलंय हे मला दिसतं. मग ते जातं कुठं?

तुम्हाला बरं वाटेल हे वाचून. वाटू दे. अजून अडीच महिने आहेत.

चैताली


१२ ऑक्टोबर

नाना,

कळलं.

कळलं आणि मला इतका राग आला की सारिकाताईनं विचारलं, कुणाशी भांडलीस का. गेली दोन वर्षं जे मला कुणी समजावून सांगू शकलं नाही ते आपल्या आंब्याखाली खिळ्याला टांगलेलं होतं, आणि ते तुम्ही टांगलं होतंत. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाने. मला हे मुळीच आवडलेलं नाही.

झालं असं. एक बाई रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन आल्या. झेरॉक्सवर त्यांनी पेनानं नातवाचं नाव वाढवलं होतं आणि ऑफिसातून परत पाठवलं म्हणून माझ्यावर चिडल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, नकलेवर लिहून मूळ कार्ड कसं बदलंल?" बोलले आणि माझ्या हातातला कागद तसाच राहिला. मला दत्तोबा आबा आठवले.

तुम्ही विसरला नसाल. गिऱ्हाइकांसाठीचं आपलं जेवण वर्षातून तीनदा जागा बदलतं. पावसाळ्यात घराची पडवी, दिवाळी झाली की माळावरचा मांडव, उन्हाळ्यात जांभळीखाली. गडावर येणाऱ्यांसाठी खाली चार पाट्या: मळवली स्टेशनाबाहेर, भाजे गावात, चढाच्या पायथ्याशी आणि खिंडीत. आधी चारही पाट्यांवर जागाच लिहिलेली असायची. जागा बदलली की तुम्ही रंगाचा डबा घेऊन चारही ठिकाणी उतरायचात, आणि दर खेपेला एखादी राहायचीच. मग एका वर्षी वैतागून तुम्ही चारही पाट्यांवर ऑइलपेंटनं एकच ओळ लिहून टाकलीत: श्रीपती यांचे घरगुती जेवण, वाडीच्या तोंडाशी आंब्याखालचा बाण बघा. आणि आंब्याला एका खिळ्यावर लाकडी बाण टांगलात. तेव्हापासून पाट्यांना कुणी हात लावला नाही. बाण तेवढा फिरवायचा. ते काम माझं, दगडावर उभी राहून.

नाना, पाटी जेवणाचा पत्ता सांगत नाही. पाटी बाणाचा पत्ता सांगते, आणि बाण जेवणाचा. बाण म्हणजे एक तारा, पाटी म्हणजे दोन तारे. हे एवढंच आहे. ह्याच्यासाठी मी दोनदा नापास झाले.

आणि गड्याचं काम जातं कुठं, तेही कळलं. दोन वर्षांमागे दिवाळीनंतर तुमचा पाय मुरगळलेला, मी कॉलेजात. तुम्ही खाटेवरून दत्तोबा आबांच्या हातात जास्तीचा बाण दिलात, जो तुम्ही त्याच फळीतून कापून ठेवला होता, आणि सांगितलंत, "आबा, ह्यो असा माळाकडं तोंड करून लावा." आबा गेले. बाण माळाकडं तोंड करून लावला, अगदी तुम्ही दाखवला तसाच. फक्त स्वतःच्या दारात. त्या रविवारी चाळीस माणसांचं पिठलं माळावर थंड झालं आणि लोक आपल्या पडवीपुढं बंद दार वाजवत बसले. तुम्ही चिडलात तर आबा म्हणाले, "तुमी दावला तसाच लावला की, माजी काय चूक?"

त्यांची चूक नव्हतीच. तुम्ही त्यांच्या हातात बाणाची नक्कल दिलीत, खरा बाण कुठं टांगलाय ते सांगितलं नाहीत. दुसऱ्याकडून बाण फिरवून घ्यायचा तर त्याला बाण देऊन चालत नाही, बाणाची जागा द्यावी लागते. म्हणून दोन तारे.

त्या दिवशी वर जाऊन प्रोग्रॅम लिहिला. फंक्शनला नाव दिलं दत्तोबा. एका ताऱ्याने चालवलं, यादी रिकामी. दुसरा तारा घातला. यादीत पहिलं नाव आलं. मी शालन लिहिलं होतं. पडद्यावर आईचं नाव दिसल्यावर मी रडले, हे लिहायचं नव्हतं, पण खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचाल.

चैताली


१० नोव्हेंबर

नाना,

आज मी चिडलेली आहे आणि पत्र लहान असेल.

दिवाळीनंतर माझ्या वर्गातली समीक्षा गडावर आली होती. परत आल्यावर म्हणाली, "तुमच्या पाट्या वाचत वाचत आम्ही आंब्यापाशी आलो, बाणावरून घरी गेलो, तर पडवीत चूल थंड. जेवण वर माळावर आहे हे शेजारच्या आजोबांनी सांगितलं. निम्मे लोक तिथूनच दुसरीकडे गेले." मी फोटो मागितला. बाण अजून पडवीकडेच होता. मांडव माळावर आणि बाण पडवीकडे. आम्ही ह्याला लोंबता पॉइंटर म्हणतो. ह्याने मोठमोठे प्रोग्रॅम कोसळतात.

मला वाटलं तुमचा पाय पुन्हा दुखावला. खरं सांगायचं तर मला त्याहून वाईटच वाटलं. काल रविवार होता. पहिल्या लोकलने मळवलीला उतरले आणि भाज्यातून चढून आले. आंब्यापाशी पोचले तेव्हा उजाडून थोडाच वेळ झाला होता. माझा दगड जागेवर होता. बाण फिरवत होते तेवढ्यात दत्तोबा आबा आले. काठी टेकून उभे राहून बघू लागले.

"पाय बरा हाय का नानांचा?" मी विचारलं.

"पाय? पायाला काय धाड भरलीय? माळावर भाकरीची पिठं व्हाय लागलाय."

"मग बाण का फिरवला न्हाई?"

"म्या म्हनलं व्हतं, आता जागा ठाव हाय मला, मी फिरवतो. तर म्हनला, ऱ्हाऊ द्या आबा. जिचं काम हाय ती करंल."

असं आहे तर. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण तोंड उघडून 'ये' म्हणायचं नाही. माझा पत्ता तुमच्याकडे नाही म्हणून तुम्हाला लिहिता येत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण शब्द मोडला हे आबांजवळ तरी कबूल करता आलं असतं. तुम्ही चार पाट्यांवरच्या सगळ्या माणसांना थंड चुलीपाशी पाठवत राहिलात, एका मुलीने बघावं म्हणून.

बाण मी नीट फिरवला. माळावरून धूर दिसत होता आणि आईचा भाकरी थापायचा आवाज तेवढ्या लांबून येत नाही, तरी मला आला. मी वर आले नाही. आले असते तर राहिले असते, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. आबांना शपथ घातली होती सांगू नका म्हणून. त्यांनी सांगितलंच असेल.

हे मी तुमच्यासाठी केलं नाही. चुकीच्या जागी रोखलेला बाण आता मला बघवत नाही, एवढंच.

चैताली


४ डिसेंबर

नाना,

काल प्रॅक्टिकल झालं. निकाल जानेवारीत. काय झालं ते लिहिते.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लावलेला. तेच विचारलं, यादीच्या डोक्यावर नवं नाव घाल. मी लिहिलं, चाललं. मग त्यांनी दोन ताऱ्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "का?"

मी ह्या वेळी खाली बघितलं नाही. पाट्या सांगितल्या, आंबा सांगितला, दत्तोबा आबा सांगितले. बाईंनी चष्मा काढून ठेवला. कोपऱ्यात आमचे सर घड्याळ बघत होते.

"आणि आंब्याला बाणच नसला तर?"

"मग तिथून पुढे पाऊल टाकायचं नाही मॅडम. आधी खिळ्याकडे बघायचं. बाण नसताना चालत गेलं तर माणूस दरीत जातो."

"बाण आहे, पण जेवण तिथून उठून गेलंय?"

"ते सगळ्यात वाईट. माणूस विश्वासाने जातो आणि चूल थंड. हे आमच्याकडे गेल्या महिन्यातच झालं."

"तीन तारे वापरायचे म्हटले तर?"

"चालता येईल मॅडम, पण तोवर भूक मरेल."

त्या हसल्या. मग विचारलं, "हे कुणी शिकवलं?" सर घड्याळावरून वर बघायला लागले. मी म्हटलं, "वडिलांनी. पण त्यांना ते माहीत नाही." नाना, हे वाक्य तुम्हाला द्यायचं की नाही ह्याचा मी रात्रभर विचार केला. दिलंय. त्याने राग गेला असं समजू नका.

आता दुसरी गोष्ट. परीक्षा संपली तशी मी घरी आले नाही. पवनानगरला गेले. तुम्ही हो कळवलंय त्या घरी.

मुलाच्या आई येसूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं तर त्या पुढ्यातलं सूप बाजूला सारून उठल्या. मी उभ्यानेच बोलले.

"मावशी, मला हितं लग्न करायचं न्हाई. तुमच्या घरात काही वाईट हाय म्हणून न्हाई. मला शिकायचं हाय."

"अगं पन तुज्या बापानं व्हय म्हनलंय."

"व्हय त्यांनी म्हटलंय. नांदायचं मला हाय. मला कुणी विचारलं?"

त्यांनी मला बसवलं, चहा टाकला. कपात साखर ढवळताना म्हणाल्या, "बरं झालं पोरी आलीस ती. आमच्या पोरालाबी कुनी इचारलं न्हवतं. त्यो बी त्वांड पाडून हिंडतोय तीन म्हैनं." मी हसले नाही, नाना. बाहेर आल्यावर हसले.

हे मी निकाल लागायच्या आत मुद्दाम केलं. पास झाले म्हणून लग्न टळलं आणि नापास झाले म्हणून ठरलं, असं मला नको होतं. तुम्ही माझ्याशी पैज लावलीत, मी पण लावली, आणि तिथंच दोघांचं चुकलं. माझी दिशा ही तुमच्या-माझ्या पैजेतली चीज नव्हती. तुम्ही पवनेकडं हो कळवलंत तेव्हा तुमच्या हातात काय होतं? दत्तोबा आबांच्या हातात होतं तेच. तुम्ही ती नक्कल हवी तशी फिरवलीत, आपल्याच दारात ठोकलीत, आणि वाटलं पोरगी वळली. मी वळले नव्हते. मी होते तिथंच होते.

म्हणून मी स्वतः जाऊन जिथं बदलायचं तिथं बदलून आले. आता तुम्ही त्यांना फोन करून माफी मागाल, आणि त्या तुम्हाला चहा प्यायला बोलावतील. जा.

चैताली


१९ जानेवारी

नाना, आई,

पास झाले. पंचवीसपैकी एकवीस. आईला आकडा दोनदा वाचून दाखवा.

चार गुण कुठं गेले ते मला माहीत आहे. प्रोग्रॅमात वापरून झालेली एक जागा शेवटी मोकळी करायची राहिली, घाईत. बाईंनी बरोबर कापले. सरांनी पाठीवर थाप मारायला हात उचलला होता, मी बाजूला सरले. सारिकाताईनं दुकानात पेढे वाटले आणि हिशेब विचारला तर म्हणाली, "गप बस, पहिल्यांदाच माझ्या मशीनवरचं कुणीतरी पास झालंय." पुढच्या वर्षाची फी मी भरणार. संध्याकाळी दुकानात आता मी दोन पोरींना सी शिकवते. त्या दत्तोबा कोण म्हणून विचारतात.

मार्चमध्ये मांडव मोडून तुम्ही जांभळीखाली जाल. तोवर बाण कुणाला फिरवू देऊ नका. ते काम माझं आहे, आणि ते माझंच आहे असं तुम्ही आबांना म्हणालात, ते मला पुरेसं आहे. माफीची वाट मी बघत नाही. तुमच्याच्याने ती व्हायची नाही, मला माहीत आहे. मी सकाळच्या लोकलने येईन, बाण फिरवीन, आईच्या हातचं जेवीन आणि संध्याकाळी परत जाईन. थांब म्हणू नका.

पाच महिने तुम्हाला एका शब्दाचं उत्तर देता आलं नाही, कारण मी ती सोयच ठेवली नव्हती. तुम्ही पत्र घेऊन पोस्टमनला विचारलंत, शिक्का बघितलात, मळवलीच्या पोस्टात चौकशी केलीत, हे सगळं आबांनी मला त्या दिवशी आंब्याखाली सांगितलं होतं. मी ते पत्रात लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर पत्ता तेव्हाच द्यावा लागला असता, आणि मला तो निकालाच्या आधी द्यायचा नव्हता.

आता देते. शोधलात म्हणून नाही, मला द्यायचाय म्हणून. हा तुमच्या दोघांचा आहे. पुढे कुणाला सांगायचा झाला तर आधी मला विचारायचं.

तुमची
चैताली

सारिका झेरॉक्स, वरची खोली,
बाजारपेठ, लोणावळा